कोकणातली हाफ मॅरेथॉन: घाटी, सडा, उतार आणि पेस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान घड्याळावर डोळा ठेवून धावणाऱ्यांसाठी आहे. वयोगटात पहिल्या तिघांत यायचंय, स्वतःची वेळ मोडायचीय किंवा निदान शेजारच्या तालुक्यातल्या त्या एकाला हरवायचंय, अशांसाठी. पहिलीच हाफ (२१.१ किमीची अर्धमॅरेथॉन) असेल तर यातलं निम्मं सोडून द्या, समुद्र बघत धावा.

कोकण किनारा म्हणजे समुद्रसपाटी. मग एवढा चढ येतो कुठून?

हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा मुंबईचा असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्ह असतो.

आमच्याकडे किनारा सलग नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी जांभ्या दगडाचं पठार जागोजागी कापलंय. नदी समुद्राला मिळते तिथे खाडी, दोन खाड्यांच्या मधे उरलेलं पठार म्हणजे सडा. रस्त्याला किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं असेल तर प्रत्येक खाडीशी खाली उतरावं लागतं, पूल ओलांडावा लागतो आणि पुन्हा सड्यावर चढावं लागतं. या चढणीला इथे घाटी म्हणतात. (शब्द रस्त्याबद्दल आहे, माणसांबद्दल नाही. घाटावरून येणाऱ्या पाहुण्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) घाट वेगळा: आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली हे सह्याद्री ओलांडतात. घाटी दीड-दोन किलोमीटरांत संपते, पण एक संपली की थोड्या वेळाने दुसरी येते.

रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला एकदा जाऊन बघा. गाडीतून तो रस्ता फक्त सुंदर दिसतो. पायांनी गेलात की तो करवतीसारखा लागतो.

मी सातारा हिल हाफ चांगल्या वेळेत धावलोय. तेवढी तयारी पुरेल ना?

दम पुरेल, मांड्यांबद्दल खात्री नाही. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच वाटेने परत उतरायचं. एक मोठा चढ, एक मोठा उतार. तिथे मांड्यांना मार बसतो तो उत्तरार्धात, आणि तेव्हा शेवटची रेघ जवळ येत असते.

कोकणात तोच मार हप्त्याहप्त्याने बसतो. पाचव्या किलोमीटरला उतरलात की सातव्याला त्याच पायांनी चढायचं आहे आणि दहाव्याला पुन्हा उतरायचं. मोठ्या घाटात एक लय सापडते, ती अर्धा तास टिकते. इथे लय सापडेपर्यंत घाटी संपलेली असते. त्यामुळे साताऱ्याचा अनुभव जमेस धरा, पण पेसचा (किलोमीटरला लागणाऱ्या वेळेचा) आराखडा तिथला उचलून आणू नका.

सपाटीवर माझी वेळ १:३०:०० आहे. इथे किती धरू?

हिशोब मांडूया. १:३० म्हणजे किलोमीटरला ४:१६. धावणाऱ्यांत चालत आलेला एक ठोकताळा आहे: तेवढ्याच दमात, चढाच्या दर एक टक्क्यामागे किलोमीटरला ८ ते १० सेकंद जातात आणि उताराच्या दर एक टक्क्यामागे फार तर ४-५ सेकंद परत मिळतात. तुम्ही हळू धावणारे असाल तर सेकंद वाढतील, जलद असाल तर कमी होतील.

समजा, मार्गात तीन घाट्या आहेत. प्रत्येक घाटी दोन किलोमीटर, ४ टक्के चढाची, म्हणजे सुमारे ८० मीटर उंची. आणि प्रत्येकीचा तेवढाच उतार. चढावर ४:१६ चं ४:५२ होईल. उतारावर ३:५८. एका घाटीत चढताना ७२ सेकंद गेले, उतरताना ३६ आले, निव्वळ तोटा ३६ सेकंदांचा. तीन घाट्यांचा १०८ सेकंद. म्हणजे कागदावर १:३१:४८.

कागदावर घाम येत नाही. किनाऱ्याचा दमटपणा, वळणं आणि तिसऱ्या उतारापर्यंत कडक झालेल्या मांड्या धरून मी अशा धावपटूला १:३२:३० ते १:३४ सांगतो. बहुतेकांना हे अपमानास्पद वाटतं. त्यातले काही १:३९ ला येतात.

आपल्या शर्यतीच्या नकाशावरून हाच हिशोब घाटीगणिक करा. चढाची टक्केवारी काढायला एकूण चढ भागिले एकवीस असं करू नका, त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक घाटीची लांबी आणि तिच्या पायथ्या-माथ्यातला उंचीचा फरक घ्या. सर्वात चांगलं म्हणजे आदल्या दिवशी दुचाकीवरून मार्ग बघून या आणि घाटी सुरू होते तिथली खूण लक्षात ठेवा: एसटीचा थांबा, वडाचं झाड, कलमांच्या बागेचा गडगा, काहीही.

चढावर घालवलेला वेळ उतारावर पूर्ण परत का मिळत नाही?

दोन कारणं आहेत. पहिलं शुद्ध अंकगणिताचं: चढावर वेग कमी म्हणून तिथे वेळ जास्त घालवता, उतारावर वेग जास्त म्हणून तिथे वेळ कमी मिळतो. मंद तासांची भरपाई जलद मिनिटांनी होत नाही.

दुसरं शरीराचं. इटालियन संशोधक मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावायला किती ऊर्जा लागते ते मोजून प्रसिद्ध केलं. त्यांच्या समीकरणानुसार १० टक्के चढावर सपाटीपेक्षा सुमारे ६५ टक्के जास्त ऊर्जा लागते, पण १० टक्के उतारावर बचत होते सुमारे ४० टक्के. आणि ती बचतही सगळी वेगात उतरत नाही. फुफ्फुसं म्हणतात पळ, पण पाय आदळतात, वळण येतं, गुडघा म्हणतो थांब. फार तीव्र उतारावर तर खर्च पुन्हा वाढायला लागतो, कारण सगळी शक्ती स्वतःला आवरण्यात जाते.

मग घड्याळातला पेस बघायचा की हृदयाचे ठोके?

घाटीत दोन्ही नको. श्वास ऐका.

जीपीएसचा क्षणाचा पेस मागे पडतो. वळणाच्या रस्त्यावर, माडांच्या आणि आंब्याच्या दाट सावलीत तो आणखी भरकटतो. ठोके चढ सुरू झाल्यावर लगेच वाढत नाहीत, अर्धा-एक मिनिट मागून येतात. तेवढ्यात तुम्ही "अजून ठोके कमीच आहेत" म्हणत दीडशे मीटर जास्त जोरात चढून बसता. शिवाय दमट हवेत त्याच वेगाला ठोके हळूहळू चढत जातात, तेव्हा शेवटच्या घाटीतला आकडा पहिल्या घाटीशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

श्वासाची माझी खूण अशी: पहिल्या घाटीत तीन-चार शब्दांचं वाक्य तुटक का होईना बोलता आलं पाहिजे. "पाणी कुठे आहे रे?" एवढं. दुसऱ्या घाटीत दोन शब्द. तिसऱ्या घाटीत बोलायची इच्छा उरली असेल तर तुम्ही जपून धावलात.

घड्याळ बघायचं ते सड्याच्या सपाट तुकड्यावर आणि प्रत्येक घाटी-उताराची जोडी संपल्यावर, एकूण वेळ ठरलेल्या हिशोबाशी जुळते का एवढ्यापुरतं.

सुरुवात किती जोरात करावी?

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" ही म्हण उतारावरून सुरू होणाऱ्या शर्यतीसाठीच केलेली असावी.

पहिले दोन-तीन किलोमीटर ठरलेल्या सपाट पेसपेक्षा ५ ते १० सेकंद हळू. वरच्या उदाहरणात ४:२१ ते ४:२६. सुरुवात उतारावर असेल तर हे पाळणं जास्तच कठीण, कारण वेग फुकट मिळतोय असं वाटतं. मी स्वतः एकदा अशीच सुरुवात केली. पहिला उतार खाडीकडे जाणारा, अंधार, गार वारा, पुढे चार ओळखीच्या पाठी. ३:४५ ने खाली आलो. पूल ओलांडताना इतकं हलकं वाटत होतं की पुढच्या घाटीतही दोघांना मागे टाकलं. सोळाव्या किलोमीटरला शेवटच्या उतारावर मांड्या थरथरायला लागल्या, पाऊल टेकलं की गुडघा आपोआप वाकायचा. उतारावर चालत आलो. चढावर नव्हे, उतारावर. शेजारून एक आजोबा सायकल हातात धरून उतरत होते, ते काही बोलले नाहीत हे त्यांचे उपकार.

घाटीत प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला तर? धरायचा की सोडायचा?

सोडा, पण नजरेतून नको. पंधरा-वीस मीटर सोडणं म्हणजे चार-पाच सेकंद. ते धरून ठेवायला घाटीत जो दम खर्च होतो, तो माथ्यावर पोहोचल्यावर मिनिटभर तरी तुम्हाला सरळ धावू देत नाही. त्यालाही तेच लागू आहे, फक्त त्याला अजून ते कळलेलं नाही.

अपवाद शेवटची घाटी. तिच्यानंतर तीन-चार किलोमीटरच उरले असतील तर धरा आणि बघा.

मग पुढच्याला गाठायचं कुठे?

सड्यावर. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

घाटीचा माथा आला की जवळजवळ प्रत्येक जण सुटकेचा श्वास टाकतो. खांदे पडतात, हात कमरेकडे जातात, पन्नास-शंभर मीटर पाय ओढत जातात, मग हळूहळू वेग येतो. चढाचा शेवट दिसला तेव्हाच त्यांच्या मनात चढ संपलेला असतो. तुम्ही मात्र माथा आणखी दोनशे मीटर पुढे आहे असं धरून चला. घाटीत पाच टक्के दम राखून ठेवा आणि माथ्यावर तो वापरा. पावलं लांबवू नका, आधी त्यांची गती वाढवा, हात जरा जोरात हलवा, वीस-तीस श्वासांत सपाट पेसवर या. पुढे गेलेले पंधरा मीटर इथे परत मिळतात, आणि बहुतेकदा मागे वळून बघायचीही गरज उरत नाही.

सड्यावर सावली नसते. कातळ, करडं गवत, लांबवर एखादं काजूचं झाड. रस्ता सरळ आणि पुढचा माणूस अर्धा किलोमीटर आधी दिसतो. पाठलागाला यापेक्षा चांगली जागा नाही. डोंगरी शर्यत म्हटलं की सगळे चढाचा सराव करतात. कोकणातली शर्यत चढून आल्यावर लगेच सपाट धावता येणाऱ्याची असते.

उतारावर नेमकं कसं धावायचं?

पाऊल शरीराच्या पुढे टाकलंत की ब्रेक लागतो. प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक, दोन किलोमीटरच्या उतारात दीड हजाराच्या आसपास पावलं. हिशोब करा.

पाऊल कमरेच्या खालीच पडेल इतकं लहान ठेवा आणि पावलांची गती वाढवा. धड किंचित पुढे, तेही घोट्यातून, कमरेत वाकून नव्हे. मागे रेललात तर टाच आदळते आणि मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत तो सगळा भार झेलतो. स्नायूला सर्वात जास्त इजा याच कामात होते. हात थोडे बाजूला गेले तरी चालतं, फोटोत वाईट दिसतं इतकंच. नजर पायाशी नको, दहा-पंधरा मीटर पुढे.

खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यांना तीव्र वळणं असतात आणि वळणात रस्ता एका बाजूला कललेला असतो. वळणाआधी किंचित वेग कमी करा, वळणातून बाहेर पडताना सोडा. वळणात ब्रेक मारणारा घसरतो, मग तो दुचाकीवर असो की पायांवर. आंबा-फणसाखालच्या रस्त्यावर पहाटे दव आणि पाला असतो, तिथे मधोमध धावा.

पहिल्या उतारावर हात राखा, दुसऱ्यावर हिशोबाने, तिसऱ्यावर जे असेल ते.

चढावर चालणं कमीपणाचं आहे का?

४-५ टक्क्यांच्या घाटीत स्पर्धक चालला तर काहीतरी आधीच बिघडलेलं आहे. पण मार्गात एखादी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) किंवा पंधरा टक्क्यांच्या वरचा आखूड तुकडा असेल तर जोरात, हात गुडघ्यावर न टेकता चालणं धावण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. दहा पावलं चाललात म्हणून कुणी बिब (छातीवरचा क्रमांक) काढून घेत नाही.

सरावाचं वेळापत्रक कसं असावं?

आधीपासून आठवड्याला ४०-५० किमी धावत असाल तर दहा ते बारा आठवडे धरा. आठवडागणिक तक्ता देत नाही. प्रत्येकाची एसटीची ड्यूटी, शाळा, आंब्याचा हंगाम वेगळा असतो. तीन प्रकारचे सराव मात्र चुकवू नका.

घाटी-सडा सराव: मला हाच सर्वात महत्त्वाचा वाटतो. सहाशे ते आठशे मीटरचा चढ हाफच्या दमात चढा आणि माथ्यावर न थांबता तीन-चार मिनिटं हाफच्या पेसने सपाट धावा. मग हळू परत या. चार वेळा, पुढे सहा वेळा. पहिल्या दिवशी माथ्यानंतरचं पहिलं मिनिट पाय कुणा दुसऱ्याचे वाटतील. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते तुमचे होतात.

उताराचा सराव: हा भारतात जवळजवळ कुणी करत नाही. ३-५ टक्क्यांच्या चांगल्या डांबरी उतारावर ३०० मीटर, मोकळेपणाने पण ताब्यात, चार फेऱ्यांपासून सुरुवात. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. दुखू द्या. उताराचा मार एकदा नीट बसला की तोच मार पुढचे काही आठवडे बराच कमी लागतो, स्नायू शिकतात. म्हणून दर दहा-बारा दिवसांनी थोडा डोस द्यायचा आणि शेवटचा जोरदार डोस शर्यतीच्या दहा ते चौदा दिवस आधी. शेवटच्या आठवड्यात उतारावर जोर करणारा माणूस शर्यतीला दुखऱ्या मांड्या घेऊनच येतो.

लांब धाव: १८ ते २२ किमी, चढ-उताराच्या खऱ्या रस्त्यावर, शेवटची घाटी जरा जोरात. आमच्याकडे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशी फेरीबोट मधे घेऊन लांब धाव करता येते. जेट्टीपर्यंत उतरायचं, बोटीत गुळाचा खडा खाऊन पाणी प्यायचं, पलीकडच्या काठाला लागल्या लागल्या थंड पायांनी घाटी चढायची. विश्रांती किती मिळणार ते बोटीवर अवलंबून. शिस्तप्रिय लोकांना हा प्रकार आवडत नाही.

महामार्गावर सराव करू नका. वाहतूक धावणाऱ्यासाठी थांबत नाही.

मुंबईत राहतो, चढ आणू कुठून?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचा रस्ता आहे. पेडर रोडचा चढ आहे, मलबार हिल आहे. तेही लांब असेल तर उड्डाणपुलाची चढण, पहाटे, पदपथ असेल तिथेच. ट्रेडमिलवर ४ टक्के लावून चढ होतो, पण साध्या ट्रेडमिलला उतार नसतो आणि तुमचा खरा शत्रू उतार आहे. इमारतीचे जिने उतरणं हा तिसऱ्या दर्जाचा पण चालणारा उपाय. पुणेकरांनी हा प्रश्न विचारू नये, त्यांच्याकडे बोपदेव आणि कात्रज आहेत.

पावसाळ्यात सराव कसा करायचा?

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. जांभ्याच्या पायऱ्या आणि सावलीतल्या पाखाड्या शेवाळाने साबणासारख्या होतात, तिकडे जाऊच नका. डांबरी घाटीत चढाचा सराव करा, उताराचा सराव दसऱ्यानंतर. जुलैत घरात पायांचे व्यायाम: एका पायावर उठबस, पायरीवरून हळू उतरणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. कंटाळवाणं आहे, पण पाऊसही तसाच आहे.

पहाटे अंधारात एकट्याने धावणं सुरक्षित आहे का?

जोडीने धावा. डोक्याला दिवा आणि अंगात उठून दिसणारा कपडा हवा. कुत्र्यांपेक्षा मला फुरशाची (विषारी सापाची) जास्त काळजी वाटते. ते लहान असतं, जांभ्याच्या रंगात मिसळतं आणि आपल्या भागात भरपूर आहे. रस्त्याच्या कडेच्या गवतात पाय घालू नका, लघवीलासुद्धा. चावलंच तर गाठ बांधणं, कापणं, मांत्रिक यात वेळ न घालवता, पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

जानेवारीत तर थंडी असते. उकाड्याची एवढी काळजी कशाला?

पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १२ च्या आसपास असतो, इथे १८ ते २०. पण खरा फरक पाऱ्यात नाही, हवेतल्या ओलाव्यात आहे. घाम येणं उपयोगाचं नसतं, घाम सुकणं उपयोगाचं असतं. दमट हवेत तो अंगावरून ओघळून बुटात जातो आणि अंग तापत राहतं. घाटावरून येणारे इथे फसतात ते याच ठिकाणी: पहिल्या दहा किलोमीटरला हवा गार वाटते, पंधराव्याला अंगातली कढई तापलेली असते.

दमटपणाची सवय लागायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढी सुट्टी कुणालाच नसते. मग निदान आपल्या गावी शेवटचे दोन आठवडे सोपी धाव ऊन वर आल्यावर करा. शर्यतीत पाण्याच्या टेबलावर एक पेला प्यायला, एक डोक्यावर. चक्कर, अंगावर काटा, विचार गोंधळणं यातलं काही जाणवलं तर शर्यत तिथेच संपवा. पुढच्या वर्षी घाटी तिथेच असेल.

पाणी, नारळपाणी, सोलकढी?

तासाला ४०० ते ८०० मिली हा सर्वसाधारण पल्ला. बारीक अंगाच्याने खालचा आकडा धरावा. तहान नसताना लोटे रिचवू नका. नुसतं पाणी अति झालं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते तहानेपेक्षा धोकादायक आहे. नारळपाणी चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचं असतं. घामात जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून त्यात चिमूटभर मीठ टाका किंवा कोकम सरबत मीठ घालून घ्या, शर्यतीनंतर. सोलकढी जेवणाबरोबर. शर्यतीआधी सोलकढी प्यायलेला एक जण मला माहीत आहे, त्याचा विषय इथे नको.

सकाळी काय खायचं? आणि वाटेत?

सहाची सुरुवात असेल तर साडेतीनला उठून उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, वर एक केळं. हलकी, ओळखीची, पोटात बसून न राहणारी. आदल्या रात्री भात-आमटी. माशाचं कालवण म्हणजे कोकणात पाहुण्याची परीक्षा असते, पण तिखट कालवण शर्यतीनंतरच्या दुपारसाठी राखा. यजमानांना आधीच सांगून ठेवा, नाही तर वाईट वाटतं.

दीड तासाच्या आसपासच्या शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. एका जेलमध्ये (धावताना खायचा गोड, घट्ट पाक) साधारण २०-२५ ग्रॅम असतात. पहिलं ३५-४० मिनिटांनी, दुसरं त्यानंतर अर्ध्या तासाने. घाटीत खाऊ नका, श्वास आणि घास एकाच नळीसाठी भांडतात. सड्यावर पाच मिनिटं सपाट धावून झाली की घ्या. सरावात न घेतलेलं काहीही शर्यतीत घेऊ नका.

समुद्राच्या वाऱ्याचं काय?

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतं. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. पहाटेच्या शर्यतीत हाच असतो, मंद आणि तुलनेने कोरडा. खारा वारा ऊन चढल्यावर समुद्राकडून येतो. दीड-पावणेदोन तासांत शर्यत संपवणाऱ्याला तो सहसा भेटतच नाही, अडीच तासवाल्यांना थोडा भेटतो. खाडीवरच्या लांब पुलावर मात्र दरीतून येणारा झोत असतो, तिथे दोघा-तिघांच्या मागे राहा.

माझं घड्याळ २१.४ दाखवतं. मार्ग चुकीचा मोजलाय का?

बहुधा नाही. प्रमाणित मार्ग २१.०९७५ किमीचा, सर्वात जवळच्या रेषेने मोजतात, वळणात आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून. तुम्ही प्रत्येक वळण बाहेरून घेतलंत. शिवाय जीपीएसची स्वतःची चूक वेगळी. घाटीच्या नागमोडी रस्त्यावर एका वळणाच्या आतल्या कडेकडून पुढच्या वळणाच्या आतल्या कडेकडे सरळ धावा, अर्थात रस्ता वाहतुकीला बंद असेल तरच. यात वाचणारे शंभर-दोनशे मीटर म्हणजे तुमचं अर्धं-पाऊण मिनिट. आणि उद्दिष्टाचा पेस काढताना घड्याळातल्या २१.३ ची तयारी ठेवा, नाही तर ४:१६ दिसत असतानाही १:३० हुकते.

कार्बनवाले (तळव्यात कार्बनची पट्टी असलेले) शूज घ्यावेत का?

सपाटीवर फायदा आहेच. उंच, मऊ तळव्याचे काही शूज कललेल्या वळणात डगमगतात, म्हणून उताराच्या सरावात घालून बघा आणि मग ठरवा. बोटं पुढे घसरू नयेत म्हणून नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून घट्ट घ्या. नखं आधी कापा. काळं नख महिनाभर सोबत करतं.

अव्वल धावपटू अशा मार्गावर काय करतात? त्यांचा पेस आपल्याला काही शिकवतो का?

थोडंच. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीला १:००:३० ची हाफ धावली. एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. किलोमीटरला सुमारे २:५२. पण ती सपाट दिल्ली होती आणि तिथे सम पेस हाच धर्म. घाटीच्या मार्गावर सम पेस ठेवायला गेलात तर चढावर जळाल आणि उतारावर झोपाल. इथे सम ठेवायचा तो दम.

शेवटचे पाच किलोमीटर?

शेवटचा उतार खाडीकडे आणि मग काठाकाठाने सपाट, असा मार्ग असेल तर उताराच्या पायथ्याशी पाय क्षणभर लाकूड होतात. उतारावर नकळत लांबलेली ढांग तिथे चालत नाही. पहिली शंभर पावलं मुद्दाम लहान आणि जलद टाका, पाय परत येतात. मग एकेक पाठ धरा.

शेवट चढावर असेल (काही आयोजकांना हा विनोद वाटतो) तर सोळाव्या-सतराव्या किलोमीटरपासूनच किलोमीटरला पाच सेकंद राखून ठेवा. शेवटच्या चढावर सगळेच मरतात. जो कमी मरतो तो तीन जणांना ओलांडतो.

दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. किती दिवस चालेल हे?

चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरतं. तोवर जिना उलटा उतरा, लाज वाटेल पण उपयोग होतो. लगेच जोरात मालिश नको, दुखणं दाबायच्या गोळ्या शर्यतीआधी तर अजिबात नकोत. उकाड्यात मूत्रपिंडांवर ताण येतो. चालत राहा, भात-मासे पोटभर खा, झोपा. लघवी कोकम सरबताच्या किंवा चहाच्या रंगाची झाली तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे जा.

पाचव्या दिवशी ओहोटी बघून ओल्या, घट्ट वाळूवर वीस मिनिटं, अनवाणी नको, बुटातच. भाट्याचा किनारा त्यासाठी बरा. घाटी निदान दहा दिवस नाही.